पहिली बास्केट होईपर्यंत

माझी भावजय डोरीन हॅस्केट हिच्याबद्दल आमच्या गावात दोन मतं आहेत. एक म्हणजे तिच्यासारखी निष्ठावान बाई शोधून सापडायची नाही. दुसरं म्हणजे तिच्या डोक्याचा एखादा स्क्रू ढिला आहे. मी तिची नणंद. दोन्ही मतं एकाच वेळी बाळगायचा मला हक्क आहे, आणि तो मी लग्नाच्या दिवसापासून बजावत आले आहे.

आमच्या वेस्लर कॉलेजच्या जिममध्ये एक रीत आहे. सामना सुरू झाला, की आपल्या टीमची पहिली बास्केट होईपर्यंत प्रेक्षकांनी उभं राहायचं. एका ठेक्यात टाळ्या वाजवत राहायचं, आणि बास्केट झाली की सगळ्यांनी एकदम खाली बसायचं. ही रीत काही आम्ही शोधून काढलेली नाही, इंडियानात आणि बाहेरही बऱ्याच कॉलेजांत ती आहे. फरक एवढाच, की तिकडचे लोक मिनिटाभरात बसतात. आमच्या टीमचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. आमचे बगळे पहिली बास्केट करेपर्यंत लोकांनी उभ्या उभ्या पॉपकॉर्नची अख्खी पुडी संपवलेली मी पाहिली आहे.

त्यात जुन्या लोकांनी स्वतःच्या पायावर आणखी एक धोंडा पाडून घेतलेला. वेस्लरमध्ये फ्री थ्रो धरत नाहीत. समोरच्याने धक्का मारला, रेफरीने शिटी वाजवली, आणि मोकळ्या जाळीत बॉल टाकायला दिला, तर तो गुण फळ्यावर लागतो, पण लोक बसत नाहीत. फ्री थ्रो म्हणजे दुसऱ्याने दिलेलं, बास्केट म्हणजे आपण मिळवलेली, असं म्हणे. असले बाणेदार विचार जिंकणाऱ्या टीमला परवडतात. आमच्याकडे फळ्यावर चार गुण लागलेले असायचे आणि लोक ताटकळत उभेच.

साहजिकच रीत हळूहळू ढिली पडत गेली. आधी विद्यार्थी बसायला लागले, मग प्राध्यापक, मग चर्चमधली मंडळी. पुढे पुढे फक्त आमची तिसरी रांग उभी राहायची, कोर्टाच्या मध्यरेषेच्या अगदी समोर. शेवटी त्या रांगेतही एकटी डोरीन उरली. मी शेजारी बसलेली असायचे. माझे गुडघे माझे आहेत, कॉलेजचे नाहीत.

डोरीन शेजारच्या कौंटीतली, मक्याच्या शेतावर वाढलेली. माझा भाऊ जीन गॅसची गाडी घेऊन त्यांच्या शेतावर जायचा, तिथे त्यांची ओळख झाली. पहिल्यांदा तिला बाहेर न्यायचं ठरलं तेव्हा एखाद्याने सिनेमाला नेलं असतं. जीनने वेस्लरच्या सामन्याला आणलं. तिने त्या दिवसासाठी नवे बूट घेतले होते आणि ते चावत होते. दोन-चार मिनिटं उभी राहून ती खाली बसली. जीनने मान वळवली नाही, कोर्टाकडे बघत नुसतं म्हणाला, "अजून नाही." ती उठली. पुढे तिने मला सांगितलं, की तो आणखी एक शब्द जरी बोलला असता, तरी मी तशीच घरी गेले असते. पण जीन जास्त बोलणारा नव्हताच. आमच्या घरातलं बोलणं सगळं माझ्या वाट्याला आलंय.

पुढे तिने बरीच वर्षं दातांच्या डॉक्टरांकडे काढली. दरवाजाजवळच्या टेबलामागे बसून फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या, घाबरलेल्या माणसांना एका शब्दात खुर्चीवर बसवायचं. तिचा आवाज मोठा नव्हता, पण तो ऐकला की माणूस बसायचा. आणि सामना असेल त्या दिवशी दुपारनंतर कुणाचा दात दुखलेला तिला चालत नसे. "उद्या सकाळपर्यंत थांबतोय का बघा," असं ती इतक्या गोड आवाजात म्हणायची, की दुखणाराही विचारात पडायचा.

तासाभरावर एक मोठं विद्यापीठ आहे. त्यांची टीम टीव्हीवर दिसते, आमचं अर्धं गाव त्यांचेच कोट घालून फिरतं. मी एकदा डोरीनला विचारलं, की हौसच आहे तर जिंकणाऱ्यांच्या बाजूने का नाही उभी राहत? तिने भांडी घासता घासता उत्तर दिलं, की त्यांच्याकडे माणसं आहेत, लॉईस. एवढंच. तिला मोठी वाक्यं आवडत नाहीत. मला वाटतं, दातांच्या दवाखान्यात तोंड उघडं ठेवलेली माणसं पाहून पाहून तिचं स्वतःचं तोंड मिटत गेलं असावं.

जीनच्या शेवटच्या हिवाळ्यात त्याची फुप्फुसं गेली होती. नाकात नळी, पायाशी ऑक्सिजनचं नळकांडं, अशा थाटात तो जिममध्ये यायचा. त्या मोसमातला शेवटचा सामना मला आठवतो, कारण त्या दिवशी आमच्या पोरांना काही केल्या जाळी सापडत नव्हती. जीन उभा. त्याचे ओठ निळे पडायला लागले. डोरीनने एका बाजूने त्याचा कमरेचा पट्टा मागून धरला आणि मला डोळ्याने खूण केली, तसा मी दुसऱ्या बाजूने धरला. पुढून बघणाऱ्याला वाटावं, माणूस चांगला ताठ उभा आहे. अखेर कुणाचा तरी बॉल जाळीत पडला आणि आम्ही त्याला पोत्यासारखा खाली बसवला. मी वैतागून म्हटलं, कशासाठी हा हट्ट? दम लागला होता, तरी तो बोलला. "पोरांना कळायला पाहिजे, आपण वाट बघतोय."

एप्रिलमध्ये तो गेला. नोव्हेंबरमध्ये नवा मोसम सुरू झाला तेव्हा डोरीन त्याच जागेवर उभी होती, शेजारी त्याची जागा रिकामी. मी तोवर नियमाने जात नव्हते. त्या दिवसापासून जायला लागले. मला बास्केटबॉलची आवड आहे असा कुणाचा समज झाला असेल, तर तो काढून टाका.

तिचा हट्ट कोणत्या थराचा आहे ते सांगते. एका वर्षी ऑल्डन कॉलेजच्या पोराने गडबडीत बॉल आपल्याच बाजूच्या जाळीत ढकलला. नियमाप्रमाणे गुण आम्हाला मिळाले, फळ्यावर लागले. बँडवाल्यांनी वाजवलं, थोडेफार उभे होते ते सुटलो एकदाचे म्हणून बसले. डोरीन उभीच. मागून औषधांच्या दुकानाचा प्रूइट म्हणाला, "अगं झाली ना बास्केट." ती म्हणाली, "ती त्यांची होती." प्रूइटने रेफरीचा दाखला दिला, फळ्याचा दिला, शेवटी देवाचा दिला. उपयोग शून्य. आमच्या पोरांनी स्वतःची बास्केट केली, तेव्हाच ती बसली.

आता या हिवाळ्याची गोष्ट. डोरीनचा उजवा खुबा दोन वर्षांपासून दुखत होता. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, की सांधा झिजून गेलाय, लगेच बदलून घ्या. तोवर जपा. फार वेळ उभं राहायचं नाही, आणि पडायचं तर अजिबात नाही. त्या खुब्यावर पडलात, तर पुन्हा स्वतःच्या पायांनी चालाल याची खात्री मी देणार नाही. डोरीनने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मार्चमधली तारीख मागितली. मोसमातला घरचा शेवटचा सामना फेब्रुवारीच्या शेवटी होता.

तिची मुलगी जोलीन इंडियानापोलिसला असते. तिने आईशी भांडून पाहिलं आणि मग मला फोन केला. आत्या, तुझं ऐकेल ती, म्हणाली. माझं आजवर कुणी ऐकलंय? पण मी गेले. डोरीन स्वयंपाकघरात पोळपाटावर नूडल्ससाठी कणीक लाटत होती, डाव्या पायावर सगळा भार टाकून.

मी म्हटलं, "टीमचं नाव आता तुला शोभतंय. एका पायावर उभी आहेस, बगळ्यासारखी."

"चष्मा पूस, लॉईस. दोन्ही पाय जमिनीवर आहेत."

"सामन्याला जा, कोण नको म्हणतंय? पण बसून बघ. जीन काही वरून मोजत बसलेला नाही."

ती लाटायची थांबली. "जीनचं नाव काढू नकोस."

"माझा भाऊ होता तो. मी काढणार. तो मरायला टेकलेला म्हणून उभा राहिला, त्याला गमवायचं काही उरलं नव्हतं. तुला चालायचंय अजून."

तिने लाटणं पुन्हा चालवलं. मग म्हणाली, की सगळं जिम बसलंय, मीही बसले, तर त्या पोरांकडे बघणारं कोण राहिलं? मला या वाक्याचा राग आला. मी तिथे दर सामन्याला बसलेली असते, बघतच असते, पण बसून बघणारे तिच्या हिशेबात नव्हते. मी तशीच निघून आले. नूडल्स मात्र तिने डब्यात घालून पाठवल्या.

जानेवारीतल्या एका सामन्यात व्हायचं ते झालं. आमच्या टीमची पहिली फेक कोचने वर्षभर एकाच पोरासाठी ठेवलेली होती, डॅरियस टॉलिव्हरसाठी. चौथ्या वर्षाचा, गॅरी शहरातला, आमच्यातला त्यातल्या त्यात नेमबाज. बॉल हातात आला रे आला की तो मारायचा, आणि पहिले दोन-तीन हटकून चुकवायचा. नंतर बरा खेळायचा. त्या दिवशी त्याने चार चुकवले. मी डोरीनकडे बघत होते. तिचा उजवा पाय थरथरत होता, टाळ्या थांबल्या होत्या, हात पुढच्या बाकाची पाठ शोधत होते आणि पुढचं बाक तिच्यापासून लांब होतं. ती एका बाजूला कलली. मी तिच्या हिरव्या कोटाचा पट्टा मागून पकडला आणि सगळी ताकद लावून तिला खाली ओढली. ती माझ्या मांडीवर येऊन आदळली. कोर्टावर टॉलिव्हर आमच्याकडे तोंड करून उभा राहिलेला, आणि बॉल त्याच्या बाजूने निघून गेलेला.

ती पांढरीफटक पडली होती. पण तोंडातून पहिलं वाक्य काय निघालं, तर "झाली का बास्केट?" मी तिला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

आमच्याकडे कॉलेजच्या पोरांना रविवारी जेवायला बोलवायची पद्धत आहे. घरापासून लांब आलेली पोरं, त्यांना वसतिगृहातलं खाऊन कंटाळा आलेला असतो. डोरीनकडे दर रविवारी दोघं-तिघं असायचेच. उकडलेल्या बटाट्याचा लगदा, त्यावर कोंबडीच्या रश्शातल्या नूडल्स, बाजूला फरसबी. टॉलिव्हर पहिल्या वर्षापासून यायचा आणि जेवण झालं की न सांगता भांडी पुसायला लागायचा. त्या सामन्यानंतरच्या रविवारी तो एकटाच आला. जोलीनही आली होती. तिने पोराचीही भीड ठेवली नाही. टेबलावरच आईला म्हणाली, की पुढच्या सामन्याला तू उभी राहणार असशील, तर मी तुला गाडीतच कोंडून ठेवीन.

डोरीन म्हणाली, "नूडल्स वाढू का?"

टॉलिव्हरने काटा खाली ठेवला. सहा फुटांच्या वरचा तो पोरगा, खुर्चीत बसल्या बसल्या लहान झाल्यासारखा दिसायला लागला. "मिस डोरीन, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"रागावले तर रागावले. सांग."

"तुम्ही नका उभ्या राहू. म्हणजे पायासाठी तर नकाच. पण आमच्यासाठी पण नका."

डोरीनच्या हातात वाढायचा डाव तसाच राहिला. तो खाली बघत बोलत होता. "जीन काका म्हणायचे ना, पोरांना कळायला पाहिजे, हे तुम्हीच आम्हाला सांगितलंत. आम्हाला कळतं, मिस डोरीन. तेच तर होतं. सगळं जिम बसलेलं असतं आणि एकट्या तुम्ही उभ्या. कपडे बदलायच्या खोलीत आम्ही नव्या पोरांना सांगतो, लवकर टाका रे, त्या उभ्या आहेत. बॉल हातात आला, की मला जाळी दिसत नाही. तुमचा पाय दिसतो. मग मी घाई करतो." तो थांबला. "घाई केली की चुकतो. चुकलो की तुम्ही आणखी उभ्या."

जोलीन खिडकीबाहेर बघायला लागली. डोरीनने डाव भांड्यात ठेवला, झाकण नीट बसवलं, आणि म्हणाली, "फरसबी राहिलीय तुझी. ती संपव."

त्याने संपवली. भांडीही पुसली. जाताना दारात तो काहीतरी बोलायला थांबला, पण तिने त्याच्या गळ्याभोवती मफलर घट्ट बांधला आणि त्याला बाहेर काढलं.

मग जवळजवळ आठवडाभर ती माझ्याशीही मोजकंच बोलली. मला वाटलं होतं, आपलं म्हणणं खरं ठरलं म्हणून मला आनंद होईल. तसं काही झालं नाही. एका दुपारी मी तिला तपासणीला घेऊन चालले होते, दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं बर्फाखाली पडलेली, आणि ती मध्येच म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी त्यांच्या मानगुटीवर बसले होते."

"उभी होतीस," मी म्हटलं.

ती हसली नाही. म्हणाली, "जीनपण."

मी गाडी कडेला घेतली. मला जीनबद्दल असं ऐकवेना. मी म्हटलं, "नीट ऐक डोरीन. वेस्लर हरतं, कारण त्या पोरांना खेळता येत नाही. तुझ्या उभं राहण्यात एवढा जोर असता, तर माझ्या बसण्याने ते एकदा तरी जिंकले असते. उगाच स्वतःला एवढी मोठी समजू नकोस."

यावर तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मग तिने पर्समधून रुमाल काढला आणि डोळे पुसले, आणि मी काच खाली करून थंडगार हवा तोंडावर घेतली. ती रडलेली मला बघवत नाही. जीनच्या वेळी बघितलं, तेवढं पुरे झालं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग मी तिथे जाऊन करू काय?" बसायचं, आणखी काय करायचं, असं मी म्हणणार होते. पण तिचा प्रश्न खरा होता. जन्मभर जे एक काम आपण त्या लोकांसाठी केलं, तेच त्यांना नको आहे असं कळल्यावर माणसाने तिथे जाऊन करायचं काय, हे मलाही माहीत नव्हतं.

घरचा शेवटचा सामना ऑल्डनशी होता. सामना आम्ही हरलो, ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणी आशेवर राहायला नको. चौथ्या वर्षाच्या पोरांचा तो निरोपाचा दिवस असतो. त्यांचे आईवडील त्यांच्याबरोबर कोर्टाच्या मधोमध चालत येतात, फुलं देतात, फोटो काढतात. टॉलिव्हरची आई योलांडा चार वर्षांत पहिल्यांदाच आली होती. ती गॅरीला इस्पितळात कपडे धुण्याच्या विभागात आहे, आणि शनिवार-रविवार तिची पाळी सुटत नाही. फोटो झाल्यावर टॉलिव्हरने तिला हाताला धरून आमच्या रांगेत आणून सोडलं. डोरीनकडे मात्र त्याने नीट बघितलं नाही. त्या रविवारनंतर तो जेवायला आला नव्हता.

योलांडा डोरीनच्या पलीकडे बसली, जीनच्या जागेवर. ती जागा डोरीन कुणाला देत नसे, प्रूइटला तर कधीच नाही. योलांडासाठी मात्र तिने तिथला स्वतःचा कोट उचलून अंगात घातला आणि जागा करून दिली.

आता गावाचं काय झालं ते सांगते. आदल्या रविवारी जोलीनने चर्चमध्ये कॉफीच्या वेळी आईच्या खुब्याचं कुणाजवळ तरी बोलून दाखवलं होतं. आमच्या गावात एवढं पुरतं. दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं, की डोरीनला आता उभं राहता येत नाही. टॉलिव्हर काय म्हणाला, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे रेफरीने बॉल वर उडवताच सगळं जिम उभं राहिलं. विद्यार्थी, प्राध्यापक, प्रूइट, दातांचे डॉक्टर, सगळे. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. टाळ्यांनी लाकडी बाकं हादरायला लागली. लोक मागे वळून डोरीनकडे बघत होते आणि माना डोलवत होते. आम्ही आहोत तुझ्याऐवजी, असं त्यांना म्हणायचं होतं. मी त्यांना दोष देणार नाही. भलेपणानेच केलं त्यांनी.

योलांडाही उठली. "उभं राहायचं ना? डॅरियस चार वर्षं हेच सांगतोय, की इथे एक बाई आमच्यासाठी उभी राहते."

डोरीन बसलेली होती. दोन्ही हात काठीवर. "आज बसायचं," ती म्हणाली.

"का?"

"त्याला घाई होते."

योलांडाने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा काठीकडे, आणि बसली. "घाई त्याला जन्मापासूनच आहे," ती म्हणाली. "महिनाभर आधीच आला."

पण पुढे सगळ्यांच्या पाठीच पाठी. खाली बसलेल्या आम्हा तिघींना प्रूइटच्या कोटाशिवाय काही दिसेना. त्या दिवशी तो नेमका पुढे येऊन बसला होता. डोरीनने काठीच्या टोकाने त्याला ढोसलं. तो वळला. आणि मग तिने तो आवाज लावला, दवाखान्यातला, मोठा नसलेला आवाज.

"बसा. सगळे बसा. मला दिसत नाही."

प्रूइट बसला. तो बसला म्हणून त्याच्या पुढचे बसले, मग बाजूचे. का बसायचं ते कुणाला कळलं नाही, पण डोरीनच बस म्हणतेय म्हटल्यावर उभं कोण राहणार? टाळ्या थांबल्या, ढोलवाल्याचा हात थांबला. पोरांच्या बुटांची करकर तेवढी ऐकू यायला लागली. त्या जिममध्ये पहिल्या बास्केटच्या आधी सगळे बसलेले आहेत, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

बॉल टॉलिव्हरच्या हातात आला. सवयीने त्याची नजर तिसऱ्या रांगेकडे गेली, नेहमीच्या उंचीवर. तिथे कुणी नव्हतं. मग ती खाली आली. डोरीन बसलेली, शेजारी त्याची आई बसलेली, दोघीजणी त्याच्याकडे बघत होत्या. डोरीनने नुसती मान हलवली. घाई नाही, असं सांगत असल्यासारखी.

त्याने बॉल एकदा आपटला. पुन्हा आपटला. सावकाश वर उडाला आणि मारला. बॉल कडीला लागून बाहेर गेला.

डोरीनचे हात काठीवर घट्ट आवळले. तिचं सगळं अंग उठायला निघालं होतं, मला बाजूला बसून कळत होतं. इतक्या वर्षांची सवय आहे ती, खुब्याला विचारून येत नाही. तिने ओठ चावला आणि स्वतःशीच म्हणाली, "अजून नाही."

मी तिच्याकडे बघितलं. तो जीनचा आवाज होता म्हटलं तर खोटं होईल, तिचाच होता. शब्द तेवढे त्याचे होते. तिच्यासाठी उभं राहणं कधीच अवघड नव्हतं. अवघड ते ती आत्ता करत होती.

आमची पोरं धावत गेली, धावत परत आली. ऑल्डनने दोन बास्केट केल्या. आमचा एक बॉल हातातून निसटला. जिममध्ये कुणी हललं नाही. मग पुन्हा टॉलिव्हरकडे बॉल आला, आणि यावेळी त्याने आमच्याकडे बघितलंही नाही. जाळीकडे बघितलं, हवा तेवढा वेळ घेतला, आणि बॉल कडीला न शिवता आत पडला.

आणि लोकांची पंचाईत झाली. बास्केट झाली की बसायचं असतं, आणि सगळे आधीच बसलेले. क्षणभर काय करावं ते कुणालाच कळेना. टाळीसुद्धा वाजली नाही.

तेव्हा डोरीन उठली. काठी टेकली, योलांडाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि उठली. टॉलिव्हर उलट्या पावलांनी परत धावत होता, त्याचं तोंड आमच्याकडे होतं. त्याने तिला पाहिलं. मी त्याला चार वर्षं भांडी पुसताना पाहिलंय, तसा हसताना कधी पाहिला नव्हता.

ती उभी राहिली. कसलीही वाट न बघता, नुसती उभी. तिचा उजवा पाय थरथरायला लागला. मी खाली बस म्हणून तिला सांगणार होते. त्याऐवजी मी उठले, आणि मागून तिच्या कोटाचा पट्टा धरला.